श्वेतपुच्छ हरणाच्या शिकारीची काडतुसे

उत्तर अमेरिकेतील श्वेतपुच्छ हरणाच्या शिकारीसाठी वापरण्यात येणाऱ्या रायफलींची काडतुसे. हे हरीण (ओडोकॉयलियस व्हर्जिनियानस) सारंग कुलातील असून चितळ व सांबर यांच्याप्रमाणेच त्याच्या नराची भरीव, शाखायुक्त शिंगे दरवर्षी गळून पडतात व पुन्हा उगवतात. धावताना ते शेपटी उभारते व तिची पांढरीशुभ्र खालची बाजू दिसते, यावरून त्यास हे नाव पडले. दक्षिण कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत त्याचा प्रसार आहे. उत्तरेकडील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १०० किग्रॅ.च्या वर जाते, तर फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील बेटांवरील खुज्या उपजातीचे नर जेमतेम ३०-३५ किग्रॅ. भरतात. ही उपजाती संरक्षित आहे.

एकोणिसाव्या शतकात मांस व कातडे यांच्या व्यापारासाठी झालेल्या अनिर्बंध हत्येमुळे संयुक्त संस्थानांतील या हरणांची संख्या १९०० च्या सुमारास पाच लाखांच्याही खाली गेली. शिकारीच्या मांसाच्या बेकायदा आंतरराज्य व्यापारास आळा घालणारा १९०० चा लेसी कायदा, राज्यांनी ठरविलेले शिकारीचे हंगाम व परवाने आणि बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न वन्य जीवांच्या संवर्धनाकडे वळविणारा १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा यांमुळे ती पुन्हा वाढली. आज ती सु. तीन कोटी मानली जाते व दरवर्षी सु. साठ लाख हरणांची कायदेशीर शिकार होते. लांडगा व प्यूमा हे नैसर्गिक शत्रू बहुतेक प्रदेशांतून नाहीसे झाल्याने संख्या मर्यादित ठेवण्याचे काम मुख्यतः शिकाऱ्यांवर येऊन पडले आहे. साहजिकच या एका प्राण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या काडतुसांना तेथे विशेष महत्त्व प्राप्त झाले. त्यांच्या गुणावगुणांवर शिकाऱ्यांत शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहेत.

रचना व नामपद्धती : काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आतील धूरहीन दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. रायफलीच्या नळीतील मळसूत्री आट्यांमुळे गोळीस स्वतःभोवती गती मिळते व ती टोकाच्या दिशेने स्थिर राहून जाते [⟶ रायफल]. अमेरिकन काडतुसांच्या नावातील पहिला आकडा बहुधा नळीचा किंवा गोळीचा व्यास इंचांत दाखवितो. ·३०३ हे ब्रिटिश लष्करी काडतुसाचे भारतात परिचित असलेले नावही याच पद्धतीचे आहे. दुसऱ्या आकड्याचा अर्थ मात्र दर वेळी निराळा असतो. ·३०-३० मधील दुसरा आकडा मूळच्या दारूचे वजन (३० ग्रेन, म्हणजे सु. १·९ ग्रॅ.) सांगतो, तर ·३०-०६ मधील ०६ हा १९०६ या वर्षाचा निर्देश होय. त्यामुळे केवळ नावांवरून दोन काडतुसांची तुलना करणे योग्य नव्हे.

शिकारीची गरज : श्वेतपुच्छ हरीण मध्यम आकाराचे व पातळ कातडीचे आहे. ते दाट झाडी, शेतांच्या कडा व ओढ्याकाठची रानटी झुडपे यांत वावरते. त्यामुळे पूर्वेकडील जंगलांत बहुतेक गोळ्या १०० मी.च्या आतूनच झाडल्या जातात. पश्चिमेकडील मोकळी मैदाने, टेक्ससमधील झुडपी माळराने व मोठ्या शेतांच्या कडा येथेच २००-३०० मी. अंतराचा प्रश्न येतो. हृदय व फुप्फुसे यांनी व्यापलेला, पुढील पायाच्या मागचा सु. २०-२५ सेंमी. व्यासाचा भाग हे नेमाचे योग्य स्थान होय. तेथे लागलेल्या गोळीने रक्तस्राव होऊन मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा थांबतो व प्राणी अल्पावधीत मरतो. तरीही असे हरीण कधी कधी पन्नास-शंभर मीटर धावत जाते. हरीण गोळीच्या जोराने जागीच उलथून पडावे, ही कल्पना भौतिकीच्या दृष्टीने चुकीची आहे. गोळीचा संवेग शिकाऱ्याच्या खांद्यास बसणाऱ्या धक्क्याहून फारसा वेगळा नसतो. गोळी पोटात किंवा पायावर लागल्यास मात्र कितीही शक्तिमान काडतूस वापरले असले, तरी प्राणी दूर निघून जातो व तासन्‌तास वेदना सोसून मरतो. काडतुसाच्या निवडीमागील खरा प्रश्न हाच आहे.

ऐतिहासिक विकास : जॉन ब्राउनिंग याने रचना केलेली विंचेस्टर कंपनीची १८९४ ची तरफेने चालणारी रायफल प्रारंभी काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती. निकेलमिश्रित पोलादाची नळी तयार झाल्यावर १८९५ मध्ये तिच्यासाठी ·३०-३० हे काडतूस बाजारात आले. धूरहीन दारू व लहान व्यास असलेले हे पहिले अमेरिकन शिकारी काडतूस होय. आखूड, हलकी व घोड्यावरून सहज नेता येणारी ही रायफल शेतकऱ्यांच्या व लाकूडतोड्यांच्या घरोघरी पोहोचली. ·३०-३० ची कीर्ती जेवढी काडतुसाची तेवढीच या रायफलीची आहे.

या रायफलीत काडतुसे नळीखालील नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे अणकुचीदार टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटून स्फोट होऊ नये, म्हणून गोळ्या चपट्या टोकाच्या कराव्या लागल्या. अशा गोळीस हवेचा विरोध जास्त होतो व तिचा वेग लवकर घटतो. १०० यार्डांवर (सु. ९१ मी.) नेम जुळविलेल्या ·३०-३० ची गोळी २०० यार्डांवर २० सेंमी.हून अधिक खाली येते. त्याच परिस्थितीत ·२७० ची गोळी १० सेंमी.हून कमी घसरते. हॉर्नडी कंपनीने २००५ च्या सुमारास लवचिक टोकाची गोळी आणून ही अडचण बरीचशी दूर केली.

बोल्टच्या रायफलीचा प्रसार मुख्यतः सैन्यामुळे झाला. अमेरिकन सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेले ·३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हाताला बसलेले होते. त्यांनी ते शिकारीसाठीही स्वीकारले. याच कुळातील पुंगळीचे तोंड अरुंद करून १९२५ मध्ये ·२७० विंचेस्टर तयार करण्यात आले. आउटडोअर लाइफ या मासिकाचे लेखक जॅक ओकॉनर यांनी त्याचा अनेक वर्षे पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर सुधारित दारूमुळे आखूड पुंगळीतूनही जवळजवळ तेवढाच वेग मिळू लागला व ·३०८ विंचेस्टर (१९५२) हे काडतूस निघाले. त्याचेच लष्करी रूप १९५४ मध्ये नाटो राष्ट्रांनी स्वीकारले. ·३०८ च्या पुंगळीपासून पुढे ·२४३ विंचेस्टर (१९५५) व ७ मिमी.-०८ रेमिंग्टन (१९८०) ही काडतुसे जन्मली.

लोकप्रियता कशी ठरते, याचे बोधप्रद उदाहरण १९५५ मध्येच मिळते. त्या वर्षी ६ मिमी. व्यासाची दोन काडतुसे स्पर्धेत उतरली. ·२४४ रेमिंग्टनच्या पुंगळीत दारू किंचित अधिक मावत असे, पण त्याच्या नळीतील आट्यांचा एक फेरा १२ इंचांत (सु. ३० सेंमी.) पूर्ण होई. हा सैल पीळ लहान प्राण्यांसाठी असलेल्या हलक्या गोळ्यांना पुरेसा होता. हरणासाठी लागणारी जड, लांब गोळी मात्र त्याने खात्रीने स्थिर होत नसे. ·२४३ चा पीळ १० इंचांचा असल्याने ते दोन्ही कामांस उपयोगी पडले. रेमिंग्टनने १९६३ मध्ये ९ इंचांचा पीळ देऊन व नाव बदलून आपले काडतूस पुन्हा आणले; परंतु बाजारपेठ तोवर ·२४३ ची झाली होती.

प्रमुख काडतुसे : पुढील आकडे कारखान्यात भरलेल्या नेहमीच्या काडतुसांचे असून स्थूलमानाने दिले आहेत. ऊर्जा नळीच्या तोंडाशी मोजलेली आहे.

·३०-३० विंचेस्टर (१८९५) : गोळी ११·० ग्रॅ., वेग ६७० मी./से., ऊर्जा २,४५० जूल.
·३५ रेमिंग्टन (१९०६) : गोळी १३·० ग्रॅ., वेग ६३५ मी./से., ऊर्जा २,६०० जूल.
·३०-०६ स्प्रिंगफील्ड (१९०६) : गोळी ११·७ ग्रॅ., वेग ८२५ मी./से., ऊर्जा ३,९५० जूल.
·२७० विंचेस्टर (१९२५) : गोळी ८·४ ग्रॅ., वेग ९३० मी./से., ऊर्जा ३,६५० जूल.
·३०८ विंचेस्टर (१९५२) : गोळी ९·७ ग्रॅ., वेग ८६० मी./से., ऊर्जा ३,६०० जूल.
·२४३ विंचेस्टर (१९५५) : गोळी ६·५ ग्रॅ., वेग ९०० मी./से., ऊर्जा २,६५० जूल.
७ मिमी.-०८ रेमिंग्टन (१९८०) : गोळी ९·१ ग्रॅ., वेग ८७० मी./से., ऊर्जा ३,४५० जूल.

यांखेरीज ·३०० सॅव्हेज (१९२०), ·२५७ रॉबर्ट्‌स (१९३४) व अलीकडचे ६·५ क्रीडमूर (२००७) हीही प्रसिद्ध आहेत. क्रीडमूर मूळचे दूरच्या नेमबाजीसाठी होते. बारीक व लांब गोळी आणि सौम्य धक्का यांमुळे ते शिकाऱ्यांतही लवकर पसरले.

या यादीवरून दिसेल, की सर्वांत दुर्बळ काडतुसाची ऊर्जाही सर्वांत बलवान काडतुसाच्या निम्म्याहून अधिक आहे. १०० मी.च्या आत योग्य जागी लागलेली यांपैकी कोणतीही गोळी हरणास पुरेशी होते. वाढीव शक्तीचा लाभ दूरच्या अंतरावर मिळतो; तिची किंमत मात्र प्रत्येक वेळी चाप ओढताना द्यावी लागते. जड धक्क्याची भीती बसलेला नेमबाज चाप ओढण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो किंवा खांदा आखडतो व नेम ढळतो. नवशिक्या व किशोरवयीन शिकाऱ्यांस ·२४३ किंवा ७ मिमी.-०८ सुचविण्यात येते, ते याच कारणाने. अनुभवी शिकाऱ्यासही हा नियम लागू आहे.

गोळीची रचना : हरणाच्या शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर छत्रीसारखी पसरली पाहिजे व तरीही फुप्फुसांपलीकडे जाण्याइतकी अखंड राहिली पाहिजे. त्यासाठी शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण देऊन टोक उघडे ठेवतात. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी न पसरता बारीक छिद्र पाडून पार जाते व प्राणी जखमी होऊन निसटतो. म्हणून अनेक राज्यांनी तिला मनाई केली आहे. याउलट फार वेगवान व नाजूक गोळी खांद्याच्या हाडावरच फुटते. जॉन नॉस्लर यांनी १९४० नंतरच्या दशकात गाभ्याचे दोन कप्पे करणारी गोळी तयार केली. तिचा पुढील भाग पसरतो व मागील भाग अखंड राहून खोल जातो. सारांश, काडतुसाच्या नावापेक्षा त्यातील गोळी कोणती हे अधिक महत्त्वाचे असते.

कायदा व सुरक्षितता : काडतुसांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. ज्या राज्यावरून या हरणाचे शास्त्रीय नाव पडले, त्या व्हर्जिनियात हरणासाठी रायफलीचा व्यास किमान ·२३ इंच असावा लागतो. मध्य-पश्चिमेतील सपाट व दाट वस्तीच्या शेतजमिनीत वेगळाच धोका असतो. नेम चुकलेली वेगवान गोळी तेथे अडविणारी टेकडी नसते व ती फार दूरवर जाऊ शकते. त्यामुळे तेथील काही राज्यांत दीर्घकाळ केवळ छऱ्यांच्या बंदुकीतून झाडल्या जाणाऱ्या जड, एकेरी गोळीसच परवानगी होती. ओहायओने २०१४ मध्ये सरळ भिंतीच्या पुंगळीची, म्हणजे तोंडाशी अरुंद न होणारी व तुलनेने मंद वेगाची काडतुसे मान्य केली. शेजारच्या काही राज्यांतही असे नियम झाले. ·४५-७० हे १८७३ चे जुने लष्करी काडतूस या नियमांत बसत होतेच. ·३५० लेजंड (२०१९) तर अशाच राज्यांसाठी मुद्दाम तयार करण्यात आले.

शिशाचा प्रश्न : वेगवान गोळीतील शिशाचे सूक्ष्म कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात विखुरतात. जंगलात टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या पक्ष्यांच्या शरीरात ते जातात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८ राज्यांतील गरुडांच्या पाहणीत जवळजवळ निम्म्या पक्ष्यांत शिशाच्या दीर्घकालीन विषबाधेची लक्षणे आढळली. दान केलेल्या हरणाच्या मांसातही असे कण सापडल्याने २००८ मध्ये उत्तर डकोटा व मिनेसोटा या राज्यांत चिंता व्यक्त झाली. यावर उपाय म्हणजे सबंध तांब्याची गोळी. ती पसरते; पण तिचे तुकडे फारसे होत नाहीत. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते व तिला अधिक घट्ट पिळाची नळी लागू शकते. ·२४४ रेमिंग्टनला नडलेला प्रश्न अशा रीतीने नव्या रूपात पुन्हा उभा राहिला आहे. जखमी मांस सढळपणे कापून टाकणे व आतडी पुरणे हेही उपयुक्त ठरते.

भारतात १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने हरणांच्या शिकारीस बंदी आहे, त्यामुळे येथे हा विषय केवळ माहितीपुरता उरतो. अमेरिकेत मात्र काडतुसाची निवड ही वन्य जीवांच्या व्यवस्थापनाचाच एक भाग झाली आहे. तेथील अनुभवाचा निष्कर्ष असा, की शिकाऱ्यास अचूक झाडता येईल एवढ्याच धक्क्याचे काडतूस, त्यास साजेशी गोळी व स्वतःच्या नेमाच्या मर्यादेतील अंतर या तीन गोष्टी जुळल्या, म्हणजे जुने ·३०-३० देखील पुरेसे ठरते. त्या न जुळल्यास कोणतीही अतिरिक्त शक्ती हरणाच्या यातना टाळू शकत नाही. [⟶ काडतूस, बंदूक, शिकार, हरिण].