झाडीपट्टीचा नाट्यहंगाम

- मुलूख : पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाचा, वनाच्छादित प्रदेश.
- मुदत : धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीच्या सुमारास आरंभ, होळीच्या आसपास समाप्ती.
- मुख्य ठाणे : गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज), नाट्यमंडळांच्या कचेऱ्या येथे असून गावोगावच्या प्रयोगांचे करार येथेच ठरतात.
- प्रयोग : मंडई (गावची जत्रा) वा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने, दिवसा शर्यती पाहून मुक्कामी राहिलेल्या पाहुण्यांसमोर, ऑर्गन-तबल्याच्या साथीने रात्री सुरू झालेले संगीतप्रचुर नाटक पहाटेपर्यंत चालते.
- भेद : दंडार व खडी गंमत हे पारंपरिक लोकप्रकार, नाटक मात्र लिखित संहितेवर आधारलेले.
- सन्मान : ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री.