सातभाईंचा घोळका

आज एका पाखराबद्दल बोलू. तुम्ही त्याला रोज पाहता आणि त्याचा कलकलाट सहन होईना की हाकलूनही लावता. सांदवाडीत, तणसाच्या ढिगाजवळ, बोडीच्या पाळीवर उड्या मारत फिरणारे हे सातभाई. हिंदीत त्यांनाच सातबहिणी म्हणतात. भाऊ म्हणा की बहिणी, नर आणि मादी दिसायला अगदी सारखेच असतात.

रूप म्हणाल तर काही खास नाही. मैनेहून जरा मोठं, मातकट राखाडी अंग, पिवळट चोच, पिवळट पाय. शेपटी लांब आणि अशी सैल की कुणी मागाहून चिकटवली असावी. पंख आखूड, त्यामुळे लांब उडणं जमत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं तर एकामागून एक, थोडे पंख मारत, थोडे तरंगत जातात. डोळे मात्र बघा. मोठ्या पाखराचा डोळा फिकट, पांढुरका असतो, म्हणून ते सतत रागावल्यासारखं वाटतं. पिल्लांचे डोळे काळपट असतात, पुढे वय वाढेल तसे फिकट होतात. घोळक्यात लहान कोण, मोठं कोण, हे डोळ्यांवरून सांगता येतं.

घोळक्यात दरवेळी सातच असतील असं नाही. कधी चार, कधी दहा-बारा. खरी गंमत त्यांच्या संसाराची आहे. घोळक्यात बहुधा एकच जोडी घरटं करते. निळीच्या पाण्यासारखी सुंदर निळी तीन-चार अंडी घालते. पण पिल्लं निघाली की किडे-अळ्या आणून भरवायला बाकीचेही येतात. त्यांत आधीच्या विणीतली मोठी भावंडं असतात. मुलगे बहुधा जन्मलेल्या घोळक्यातच राहतात आणि मुली मोठ्या झाल्या की दुसऱ्या घोळक्यात जातात. हे ऐकून आमच्या गटातल्या बाया हसल्या. म्हणाल्या, पाखरांतही मुलीलाच सासरी जावं लागतं!

या घरात पाहुणेही येतात, तेही न बोलावता. आपण ज्याला ‘पेरते व्हा’ म्हणून ऐकतो तो पावशा आणि पावसाच्या आधी येणारा काळा-पांढरा चातक, हे दोघे स्वतः घरटं बांधत नाहीत. सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून मोकळे होतात. अंडं त्यांचंही निळंच, त्यामुळे फसवणूक कळत नाही. म्हणजे रोवणीच्या दिवसांत तुम्ही ऐकता तो पावशा बहुतेक सातभाईंच्या हातचं खाऊनच मोठा झालेला असतो.

सगळे पाचोळा उलटून किडे शोधत असताना एखादा उंच फांदीवर बसून पहारा देतो. शिक्रा, साप, मुंगूस, मांजर दिसलं की तो ओरडतो आणि मग सगळे मिळून गोंगाट करतात, सापाच्या मागेही लागतात. सातभाईंचा एक भाऊबंद वाळवंटात राहतो. इस्राएलमध्ये आमोट्झ झहावी या शास्त्रज्ञाने त्याचा कित्येक वर्षं अभ्यास केला. झहावींचं म्हणणं असं की पहारा देणं, दुसऱ्याला भरवणं हे निव्वळ उपकार नसतात, त्यातून त्या पाखराचा घोळक्यात मान वाढतो. इतर अभ्यासक म्हणतात, तसं काही नाही, ज्याचं पोट भरलं तो वर जाऊन बसतो, त्यात त्याचाही जीव वाचतो. आम्हाला दोन्ही पटतं. गटाचं काम करणाऱ्या बाईला मानही हवा असतो आणि काम तर ती करतेच.

घोळक्यात प्रेम असलं तरी शेजारच्या घोळक्याशी पटत नाही. हद्दीवर कडाक्याचं भांडण होतं. सांजेला मात्र आपले आपले सगळे एका फांदीवर अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांची पिसं चोचीने साफ करतात.

आता आपल्या कामाचं. कोका, नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांतल्या बाया मोहफुलं आणि तेंदूपत्त्यासाठी पहाटेच जंगलात जातात. तिथे सातभाई एकाच जागेवर जोराने, न थांबता ओरडत असतील तर पुढे जाऊ नका. साप असेल, मांजर असेल, बिबट किंवा वाघही असू शकतो. ते गप्प आहेत म्हणून धोका नाही, असं मात्र धरू नका. एकट्या जाऊ नका, आपसात बोलत राहा आणि वाकण्याआधी चहूकडे पाहा.

मोहाखालचा पाचोळा जाळण्याचंही सांगायला हवं. फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून आग लावली जाते. त्या पाचोळ्यातच सातभाईंचं पोट आहे, आणि आग तिथेच थांबेल याचा भरवसा नसतो. काही बाया झाडाखाली जुनी लुगडी किंवा हिरवी जाळी अंथरतात. फुलांना मातीही लागत नाही आणि वेचायला वाकावंही कमी लागतं. जाळीला खर्च आहे, पण चार घरांनी मिळून एक घेतली तर पाळीपाळीने वापरता येते.