रोमांचाचे मूळ एकाग्रतेत

एखादी तान अवघड वळणे घेत अचूक समेवर येते आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत रोमांचाची गणना आहे. हे भाव एकाग्र मनातून उत्पन्न होतात, असे तेथे प्रतिपादन आहे. या कथनाचा प्रत्यय देणारी एक थोर परंपरा कोल्हापुरात बहरली.

राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ हे गायक होते. त्यांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातील उनियारा येथला. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बसला. गाणे हेच ज्याचे जीवन, त्याच्यावर याहून मोठे संकट कोणते? दीर्घ मेहनतीनंतर आवाज परतला, पण पूर्वीची कोमलता परतली नाही. खाँसाहेबांनी गाणे सोडले नाही. उरलेल्या आवाजाला साजेशी वक्र, बलपेचाची आणि लयीशी घट्ट विणलेली गायकी त्यांनी घडविली. तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून ओळखली जाते.

या गायकीने रोमांच का उभा राहतो? त्रितालाच्या सोळा मात्रांचे आवर्तन सुरू असते. श्रोत्याचे मन नकळत समेची वाट पाहते. गायक मात्र सरळ वाटेने न जाता तानेला वळण देतो. आता सम निसटणार, असे वाटत असतानाच तो नेमका तेथे पोहोचतो. रागरचनेतही हेच घडते. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य. पण या घराण्याच्या संपूर्ण मालकंसात तेही स्वर येतात. ओळखीच्या रागात अनपेक्षित स्वर उमटला की मन दचकते आणि लगेच सुखावते.

माँट्रियल येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याला पुष्टी देतो. आवडत्या संगीतातील रोमांचाच्या क्षणी मेंदूत डोपामाइन हे द्रव्य स्रवते. एवढेच नव्हे, तर त्या क्षणाची प्रतीक्षा चालू असतानाही ते स्रवते. म्हणजे आनंदाचा काही वाटा वाट पाहण्यातही असतो.

हे गाणे शिकणाऱ्यांनाही धीर धरावा लागला. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर बालपणी कोल्हापुरात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिकल्या. पुढे त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले आणि १९४६ साली गुरूंचे निधन होईपर्यंत त्यांची तालीम घेतली. खाँसाहेबांचे पुत्र भुर्जी खाँ यांनीही ही विद्या मुक्तहस्ते दिली. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांचे शिष्य. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी यांनी भुर्जी खाँ आणि पुढे केसरबाई यांच्याकडे शिक्षण घेतले.

केसरबाईंची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका अवघ्या साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीत भारतातर्फे तिचीच निवड झाली. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. आज ती यानेच नव्हेत, तर त्यांच्यासोबतचा तो स्वरही आंतरतारकीय अवकाशात आहे.

तीच भैरवी आज कोणत्याही घरात सहज ऐकता येते. मात्र हिशेब चाळता चाळता किंवा जेवणाच्या गडबडीत ती लावली, तर नुसता आवाज कानांवर पडेल. दुकान बंद झाल्यावर, भ्रमणध्वनी बाजूला ठेवून, मुलाबाळांसह साडेतीन मिनिटे शांत बसावे. तालाकडे लक्ष द्यावे, समेची वाट पाहावी. पहिल्याच दिवशी काटा उभा राहील असे नाही. पण कान तयार होत जातील. गायकाने आयुष्यभर जपलेल्या एकाग्रतेला श्रोत्याने थोडी एकाग्रता दिली, की रोमांच आपोआप येतो.