दोन अळ्यांची गोष्ट

बसा लेकरांनो, कंदील जरा इकडं सरकवा. वसमतच्या वाटेवर झाड पडलं, तारा तुटल्या, लाईट गेली आणि ते झाड हटवायला जेसीबी आला, तसे तुम्ही हळदीतली खुरपणी टाकून बघायला पळालात. म्हणून म्हटलं, आज त्या जेसीबीच्या थोरल्या भावकीतल्या एका लोखंडी अळीची गोष्ट सांगावी, आणि तिच्यापायी जिचं फावलं त्या दुसऱ्या, तिळाहूनही बारीक अळीची.

आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलाचा पाय रुततो, पण तिथंच फळी टाकून चाललं तर माणूस रुतत नाही, कारण भार तेवढाच असला तरी तो फळीभर पसरतो. अमेरिकेत बेंजामिन होल्ट नावाचा एक खटपट्या होता. कॅलिफोर्नियातल्या मऊ जमिनीत त्याचा वाफेचा ट्रॅक्टर असाच रुतून बसायचा. 1904 साली त्यानं चाकं काढून पट्टे चढवले. म्हणजे गड्यानं स्वतःच फळी टाकायची, तिच्यावरून जायचं, मागून उचलायची आणि परत पुढं टाकायची! ते बघून फोटो काढणारा म्हणाला म्हणे, हे तर सुरवंटासारखं चालतंय. झालं, ‘कॅटरपिलर’ म्हणजे सुरवंट, हेच बारसं झालं. पुढं त्याला तोंडाशी पोलादी पातं लावलं, की झाला बुलडोझर.

मग आलं दुसरं महायुद्ध. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनला रसद नेण्याची वाट तुटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा रस्ता काढायला आसामातल्या लेडो गावापासून पटकाईचे डोंगर फोडत अमेरिकी फौजेचे इंजिनिअर निघाले; त्यांतले निम्म्याहून जास्त काळे जवान, आणि हाताशी आपल्याकडचे हजारो मजूर. झाडं अशी, की शेंडा बघताना टोपी पडावी. पण त्या आडदांड झाडांचं एक गुपित असतं. तिथल्या मातीचा कस वरच्या थरातच, म्हणून पुष्कळ झाडांची मुळं खोल न जाता आडवी पसरतात. बुलडोझरवाला पातं उंच उचलून खोडाला वरच रेटा द्यायचा, की परातीसारख्या मुळ्यांसकट झाड उताणं. आपल्या बांधावरच्या बाभळीशी असं करून बघा, मग कळेल सोटमूळ काय असतं ते!

   

हां, तर दुसरी अळी. रान पाडलं, ऊन जमिनीला लागलं, मोकळ्या जागी पुरुषभर गवत माजलं, गवतात उंदीर आले, आणि उंदरांच्या कानांत बसून आली ही बया. गोचिडाची धाकटी चुलत बहीण म्हणा; मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, सहा पायांची. उभ्या जन्मात एकदाच ती अंगाला डसते, तीही अळीपणी. मोठी झाली, आठ पाय फुटले, की शहाणी होते आणि मातीतल्या किड्यांची अंडी खाऊन राहते. आणि तिच्या डसण्यातून माणसाला लागणाऱ्या तापाचा जंतू तिला मिळतो कुठून? आईच्या अंड्यातूनच! माहेरचा आहेर घेऊनच जन्माला येते.

गवतात मुक्काम केलेल्या जवानाला आठ-दहा दिवसांनी ताप भरायचा, डोकं फुटायचं, आणि कपडे काढून बघितलं तर काखेत नाहीतर जांघेत विडीचा चटका बसावा तशी काळी खपली. हा स्क्रब टायफस. तेव्हा त्याच्यावर औषध नव्हतं. कपड्यांना किडे पळवणारं औषध चोळायचे, एवढंच. मलायात क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडलं ते 1948 मध्ये, लढाई संपून तीन वर्षं झाल्यावर.

रस्ता मात्र झाला. 1945 च्या फेब्रुवारीत पहिला ताफा चीनमधल्या कुनमिंगला पोचला, आणि त्याच वर्षी लढाईच संपली. त्या रस्त्याचे कित्येक तुकडे आज परत रानानं गिळलेत. लोखंडी अळी भंगारात गेली. बारकी अजून आहे, आणि 2018 मध्ये आपल्या शेजारी विदर्भात तिनं पुष्कळ माणसं तापानं निजवली. वेळेवर डॉक्टर गाठला तर आता साध्या गोळ्यांनी उतरतो तो ताप.

जेसीबी बघताना बांधावरच्या गवतात लोळलात ना? उठा, कपडे बदला, साबण लावून अंघोळ करा. आणि हो, काखा दाखवा बघू!