मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती?

सीईटीचा निकाल लागला, कॅप राउंडच्या तारखा जाहीर झाल्या की राज्यभर महामार्गांच्या कडेला, बसस्थानकांच्या बाहेर आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर कॉलेजांच्या जाहिराती दिसू लागतात. एका विद्यार्थ्याचा फोटो, शेजारी कंपनीचे नाव आणि खाली ठळक अक्षरांत लाखांतले पॅकेज. घरोघरी ऑप्शन फॉर्म भरताना हाच आकडा डोळ्यांपुढे असतो. कर्ज काढायचे की नाही, गावाकडची जमीन विकायची की ठेवायची, हेसुद्धा काही घरांत त्यावर ठरते.

जाहिरातीतला तो आकडा खरा असेलही. पण प्रवेश घेणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही, कारण तो एकाच विद्यार्थ्याचा आहे. वर्गातल्या मधल्या विद्यार्थ्याचे काय झाले, त्याला नोकरी मिळायला किती महिने लागले आणि तीन वर्षांनी तो दरमहा घरी किती रुपये आणतो, हे कळायला हवे. पालकांना सर्वांत गरजेची असलेली हीच माहिती शोधूनही सहसा सापडत नाही.

आधी सरासरीचे पाहू. समजा, एका वर्गातल्या दहा जणांना नोकरी लागली. आठ जणांना साडेतीन लाख, एकाला सहा लाख आणि एकाला ४१ लाख. बेरीज ७५ लाख, सरासरी साडेसात लाख. कॉलेज म्हणते, आमचे सरासरी पॅकेज साडेसात लाखांचे, आणि त्यात खोटे काही नाही. पण दहातल्या नऊ जणांना साडेसात लाखांच्या खालीच पगार आहे. दहाही पगार चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध येतो तो साडेतीन लाख. शाळेत संख्याशास्त्रात आपण शिकलो तो हाच मध्यक. आता त्या वर्गात मुळात २५ विद्यार्थी होते असे धरा. नोकरी दहांनाच मिळाली असेल, तर अख्खा वर्ग ओळीत उभा केल्यावर मधला विद्यार्थी बेकार निघतो. त्याची नोंद कोणत्याच माहितीपत्रकात नसते.

टक्केवारी काढताना भागायचे कशाने, हा याहून नाजूक प्रश्न. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणताना बहुतेक ठिकाणी 'पात्र' विद्यार्थीच मोजले जातात. दहावीपासून सलग साठ टक्के नसलेले, बॅकलॉग राहिलेले, प्लेसमेंट सेलकडे नावच न नोंदवलेले, सगळे आधीच वगळलेले असतात. एका विद्यार्थ्याला तीन कंपन्यांनी पत्र दिले तर काही कॉलेजे तिन्ही ऑफर मोजतात.

हिशेब उघड मांडला की काय दिसते, ते आयआयटी मुंबईच्या २०२३-२४ च्या अहवालात पाहता येते. नोंदणी केली २,४१४ विद्यार्थ्यांनी, प्रक्रियेत प्रत्यक्ष भाग घेतला १,९७९ जणांनी आणि नोकरी स्वीकारली १,४७५ जणांनी. भाग घेणाऱ्यांनी भागले तर साधारण ७५ टक्के, नोंदणी करणाऱ्यांनी भागले तर ६१. (उरलेले सगळे बेकार असे नव्हे, पुष्कळ जण पुढे शिकतात किंवा स्वतःची वाट शोधतात.) सरासरी पॅकेज साडेतेवीस लाख, मध्यक १८ लाखांच्या आसपास, सर्वांत कमी चार लाख. एक कोटीच्या वर २२ जण. बातम्यांचे मथळे कोटीवाल्यांना मिळाले. पण देशातल्या सर्वांत अवघड परीक्षांपैकी एक पार करून तिथे पोचलेल्यांतही सरासरी आणि मध्यक यांत पाच लाखांचे अंतर पडते, हे आकडे संस्थेने मांडले म्हणून आपल्याला कळले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजकडून आपण एवढीही अपेक्षा ठेवत नाही.

बरे, पॅकेज म्हणजे पगार नव्हे. हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, आणि जे पहिल्यांदाच नोकरीच्या दारात उभे आहेत त्या घरांना नेमके माहीत नसते. वर्षाला ३ लाख ६० हजारांचे ऑफर लेटर घ्या. कागदावर महिन्याला ३० हजार. त्यात दहा टक्के, म्हणजे तीन हजार, 'व्हेरिएबल'. कामगिरी आणि कंपनीचा नफा पाहून ते मिळणार किंवा मिळणार नाही. मूळ वेतन १५ हजार धरले तर भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा बारा टक्के वाटा १,८०० रुपये, तोही पॅकेजमध्ये मोजलेला. ग्रॅच्युइटीचे ७२० रुपये, जे नियमित नोकरीत पाच वर्षे पूर्ण केल्यावरच हाती येतात. आरोग्यविम्याच्या हप्त्याचे पाचशे धरू. उरले २३,९८०. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर दोनशे गेला की बँकेत जमा होतात सुमारे २२ हजार. (महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे, म्हणून मुलींच्या खात्यात दोनशे रुपये जास्त येतील.) पीएफ आपलाच असतो, तो बुडत नाही. पण हिंजवडीतल्या पीजीचे भाडे, मेस आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता या २२ हजारांतूनच द्यायचा असतो. गावाकडे आईवडिलांनी तीस हजारांचा हिशेब मांडलेला असतो आणि मुलगा पहिल्याच महिन्यापासून पैसे का पाठवत नाही, यावरून घरात कुरबुर सुरू होते.

याहून मोठे दुखणे असे की नव्या अभियंत्याचा हा साडेतीन लाखांच्या आसपासचा आकडा जवळपास जागचा हललेलाच नाही. २०१२ च्या सुमारास मोठ्या आयटी कंपन्या नव्या अभियंत्याला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत होत्या. अलीकडेपर्यंत टीसीएसची 'निंजा' ही सर्वसाधारण भरतीची श्रेणी ३.३६ लाखांची होती. मधल्या काळात महागाई कुठे गेली? २०१२ मध्ये १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ च्या अखेरीस १९५ च्या आसपास होता. म्हणजे २०२४ अखेरचे ३.३६ लाख २०१२ च्या भावाने पावणेदोन लाखांच्या आतच भरतात. दहा-बारा वर्षांपूर्वी याच नोकरीला लागलेल्या मोठ्या भावाने पहिल्या पगारात जे घेतले, त्यातले निम्मेच धाकट्याला परवडते, आणि फी मात्र या काळात वाढतच गेली.

पगार का हलत नाही, याचे उत्तर सरळ आहे. कमी खर्चात मनुष्यबळ पुरवणे हाच या कंपन्यांचा मूळ व्यवसाय. दरवर्षी लाखो अभियंते बाहेर पडतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना कंपनीलाच अनेक महिने शिकवावे लागते, आणि इतक्या उमेदवारांतून निवडायचे असताना पगार वाढवण्याची गरज कंपनीला भासत नाही. त्यात मागणीही आटली. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ ने आणि इन्फोसिसची सुमारे २६ हजारांनी घटली. वेगळे कौशल्य दाखवणाऱ्याला याच कंपन्या सुरुवातीलाच दुप्पट देतात. टीसीएसची 'डिजिटल' श्रेणी सात लाखांची. पण 'डिजिटल'मध्ये जाणारे थोडे, बाकी सगळे सर्वसाधारण भरतीत.

इथपर्यंतची सगळी चर्चा अभियंत्यांची झाली. आपल्याकडे ती नेहमी तिथेच अडकते, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये पदवीला शिकणाऱ्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते जेमतेम १२ टक्के. कला शाखेचे होते ३४ टक्के. देशातला प्रत्येक तिसरा पदवी विद्यार्थी कला शाखेचा, आणि त्याच्या कॉलेजात प्लेसमेंट सेल असलाच तर कागदावर. बीडच्या किंवा गोंदियाच्या कॉलेजातून बीए झालेली मुलगी आज काय करते, हे तिच्या प्राचार्यांना माहीत नाही, विद्यापीठाला नाही आणि सरकारलाही नाही.

देशपातळीवरचे आकडे मात्र आहेत, आणि ते काळजीपूर्वक वाचायला हवेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये १५ ते २९ वयाच्या पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. यावरून 'शिकून काय उपयोग' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. ज्याच्या घरी संध्याकाळच्या चुलीची भ्रांत आहे त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो ऊसतोडीला जातो, बांधकामावर जातो, आणि सर्वेक्षणात रोजगार असलेला म्हणून मोजला जातो. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला काही काळ पोसू शकते आणि शिक्षणाला साजेसे काम मिळेल अशी त्याला आशा असते.

ही आशा किती काळ टिकते, ते अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात दिसते. २०२१-२२ मध्ये पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेकारी ४२.३ टक्के. पंचवीस ते एकोणतीस वयात २२.८. तिशी ओलांडली की ९.८, आणि पस्तिशीनंतर पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे उशिरा का होईना, बहुतेकांना काम मिळते. कोणते काम आणि किती पगाराचे, हे त्या टक्केवारीत नाही. सात-आठ वर्षे वाट पाहून शेवटी मिळेल ते पत्करलेला पदवीधरही तिथे बेकारीतून सुटलेला दिसतो.

शिवाय काही जण कोणत्याच हिशेबात येत नाहीत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातपासून बसणाऱ्या मुलाने 'शिकतो आहे' असे सांगितले, तर तो श्रमशक्तीच्या बाहेर गेला. घरच्या शेतीत बिनपगारी राबणारा बीकॉम पदवीधर रोजगार असलेल्यांत गेला. लग्न होऊन सासरी आलेली, काम शोधायला घराबाहेर पडूच न शकणारी एमए मुलगी बेकारांत धरलीच जात नाही. भरती निघते तेव्हा ही सगळी माणसे एकदम पुढे येतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी पावणेअठरा लाखांच्या आसपास, आणि अर्जदारांत अभियंते होते, एमबीए होते. शिपाईपदाला पुरेशी अट बारावी पासची आहे.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन, आधी सहा महिने, नंतर वाढवून अकरा. केंद्राच्या पीएम इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिना पाच हजार. अनुभव मिळतो, घराबाहेर पडायला निमित्त मिळते. पण अकरा महिने संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर योजनेत नाही, म्हणून हे प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी मोर्चे काढतात. त्यांच्यापैकी किती जणांना त्याच कार्यालयात किंवा कारखान्यात नियमित नोकरी लागली, हा योजनेचा खरा निकाल, आणि तो जाहीर व्हायला हवा.

पदवीधरांचा माग काढणे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये शिक्षणाच्या आणि कराच्या सरकारी नोंदी एकमेकींना जोडून, पदवीनंतर एक, तीन, पाच आणि दहा वर्षांनी कोणत्या विषयाचे, कोणत्या विद्यापीठाचे पदवीधर किती कमावतात याचा मध्यक प्रसिद्ध होतो. व्यक्तीचे नाव कुठेही उघड होत नाही. अमेरिकेत २०१५ पासून 'कॉलेज स्कोअरकार्ड' या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजनिहाय कमाई पाहता येते, जरी ती केंद्राची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच असली तरी. आपल्याकडे पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक आहे, तो आधारशी जोडलेला आहे आणि पदव्या डिजिलॉकरमध्ये आहेत. असंघटित क्षेत्रात काम करणारे यात सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी दरवर्षी नमुना सर्वेक्षण करावे लागेल. संख्याशास्त्र आणि समाजशास्त्राचे विभाग राज्यातल्या विद्यापीठांत आहेतच.

पगार हे शिक्षणाचे एकमेव मोजमाप नाही, हे मान्य. गावातल्या शाळेत मन लावून शिकवणाऱ्या बीएडवाल्या बाईंचे मोल कोणत्याही मध्यकात बसत नाही. पण म्हणून कला शाखेच्या मुलांची कमाई झाकून ठेवणे हा त्यांचा सन्मान होत नाही. आकडे दिसले, तरच त्यांच्यासाठी काही करा असे ठणकावून सांगता येईल.

तोवर पालकांनी एवढे तरी करावे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा. किती मुले वेळेत पदवीधर झाली, किती जणांना नोकरी मिळाली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरी मिळालेल्यांच्या पगाराचा मध्यक किती, हे त्यात तीन वर्षांचे दिलेले असते. माहिती संस्थेनेच भरलेली असते, तरी जाहिरातीपेक्षा ती बरीच बोलकी आहे. कॉलेजात गेलात तर विचारा : नुसत्या प्लेसमेंटला बसलेल्या मुलांपैकी नव्हे, चार वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या सगळ्या मुलांपैकी आज किती जण नोकरीत आहेत? बॅकलॉगवाले धरून सांगा. ऑफर लेटरमधले व्हेरिएबल वगळून सांगा.

आणि विद्यापीठांना माझी विनंती आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, कुठल्याही एका विद्यापीठाने सुरुवात करावी. २०२२ साली पदवी दिलेल्या आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांचा शोध घ्यावा आणि ते आज काय करतात, किती कमावतात, हे शाखेनुसार आणि जिल्ह्यानुसार पुढच्या प्रवेशांच्या आत जाहीर करावे.