ताटीपासून एसीपर्यंत : विदर्भातल्या घरांचा उन्हाळा

गेल्या साठ-सत्तर वर्षांत विदर्भातलं घर उन्हाळ्याशी कसं झुंजलं, हे समजून घ्यायचं असेल तर त्याच्या खिडक्या पाहाव्यात.

जुन्या घरात मातीच्या जाड भिंती, वर कवेलू आणि दुपारी दारा-खिडक्यांना वाळ्याची ताटी असे. ताटीवर पाणी मारलं की बाहेरची कोरडी हवा आत येता येता ते पाणी सुकवी आणि त्यातच तिची उष्णता खर्ची पडे. पुढे लोखंडी पेटीत पंखा आणि टुल्लू पंप बसला. कूलर आला, पण तत्त्व तेच राहिलं. म्हणूनच कूलर लावताना समोरची खिडकी उघडी लागते. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर खोली नुसती दमट होते. जूनमध्ये हवाच ओलसर झाली की कूलरची मात्रा चालत नाही, तीही यामुळेच.

दरम्यान कवेलू गेले, सिमेंटचा स्लॅब आला. तो दिवसभर तापतो आणि ती धग रात्री घरात सोडतो. माझ्या मते खरी चूक इथे झाली: छत न सुधारता आपण यंत्रं वाढवत गेलो.

मग एसी आला. एक टनाचा एसी म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी खोलीबाहेर टाकणारं यंत्र. ताशी सुमारे साडेतीन युनिट उष्णता. २००६ साली स्टार लेबल आलं, २०१० पासून ते एसीला सक्तीचं झालं. २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ अंशांवर लावूनच विकले जाऊ लागले. वीज वाचवण्याच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण घरगुती स्प्लिट एसी बहुधा ताजी हवा आत आणतच नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. बंद खोलीत चौघं झोपली की श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, पहाटे खोली कोंदट वाटते. जुन्या घरात भिंतीत वर झरोका असायचा. नव्या नकाशांतून तो गायब झाला, ही हानी मला फार मोठी वाटते.

उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा चुना मारा, कूलरचं अर्थिंग तपासून घ्या, पहाटे खिडक्या उघडा. आणि घर बांधणार असाल, तर नकाशात समोरासमोर खिडक्या आहेत ना, हे आधी बघा. नसतील तर पाया खणण्यापूर्वीच काढून घ्या.