मगरीची ओळख

२०२२ साली नागपूर शहरातल्या नाग नदीत एक मगर दिसली. शहरात मगर! लोकांना मोठे नवल वाटले.

पण मगर आपल्या मुलखाला नवी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या तलावात मगरी आहेत. सांगलीकडे कृष्णेच्या काठी तर त्या नेहमीच दिसतात. काही गावांत मगरीला सुसर असेही म्हणतात.

मगर पाण्यात राहते, पण ती मासा नव्हे. साप, कासव, पाल यांच्यासारखाच तो सरपटणारा प्राणी आहे. ती आपल्यासारखाच नाकाने श्वास घेते. तिचे नाक आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. त्यामुळे सारे अंग पाण्यात बुडवून ती नुसते नाक-डोळे वर ठेवते. लांबून पाहिले तर लाकडाचा ओंडकाच वाटावा. मोठा नर १२-१३ फूट लांब होतो.

थंडीत मगर काठावर ऊन खात पडते. तोंड उघडे असते. ती झोपली आहे असे समजू नका. अंगातली जास्तीची उष्णता ती तोंडावाटे बाहेर टाकते. कडक उन्हाळ्यात पाणी आटले की ती काठाच्या मातीत बीळ करून राहते.

उन्हाळा लागण्याच्या सुमारास मादी काठावर खड्डा करते आणि त्यात २५ ते ३० अंडी घालते. वरून माती लोटते आणि जवळच राखण करते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले अंड्यातूनच ओरडू लागतात. आई माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. ज्या जबड्यात जनावर सापडले तर सुटत नाही, त्याच जबड्यात पिल्लाला ओरखडाही उठत नाही!

मासे, पक्षी आणि पाण्यावर आलेली जनावरे हे तिचे खाणे. मेलेली जनावरेही ती खाते. त्याने पाणी साफ राहते.

मग माणसाने काय करावे? मगर असलेल्या पाण्यात पोहू नये. धुणे धुवायला आणि गुरांना पाणी पाजायला एकट्याने जाऊ नये. अंधार पडल्यावर तर काठाशी जाऊच नये. पोरांना सांभाळावे. मासळीची घाण, मेलेली कोंबडी काठावर टाकू नये. त्या वासाने मगर जवळ येते. अंड्यांच्या जागेकडे फिरकू नये. तेव्हा आई चिडलेली असते.

मगर गावात शिरली तर दगड मारू नका, दोरी टाकू नका. वन खात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करा. १९७२ च्या कायद्याने मगरीला मारणे गुन्हा आहे. तिने माणसाला जखमी केले तर लगेच दवाखान्यात न्या आणि वन खात्याला कळवून पंचनामा करून घ्या. सरकारकडून भरपाई मिळते.

नदी आपलीही आहे आणि मगरीचीही. तिची रीत ओळखली, तर दोघेही सुखाने राहतील.